बदनापूरला उतरवलेली म्हातारी

म्हातारीला बदनापूरला उतरायचंच नव्हतं, हे शांतवनला कळलं तेव्हा गार्डानं हिरवा बावटा दाखवलेला होता.

तोवर त्यानं आपलं काम नीट उरकलं होतं. गाडी थांबली तेव्हा डब्याच्या दारात एक म्हातारी दांडी धरून वाकून उभी होती आणि चढणाऱ्या-उतरणाऱ्यांत तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आदल्याच रविवारी ख्रिस्ती देवळात पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं होतं, की गरजवंतानं हाक मारायची वाट बघू नका, आपणहून पुढे व्हा. शांतवननं ते इतकं मनावर घेतलं होतं, की सोमवारपासून तो गरजवंत शोधतच हिंडत होता. तो पुढे झाला, म्हातारीच्या दंडाला धरलं, पाठीला हात दिला आणि तिला अलगद फलाटावर उतरवलं. म्हातारी काहीतरी सांगू बघत होती, पण तिच्या तोंडात पाणी होतं. ती दारात चूळ भरायला आली होती.

चूळ टाकून ती म्हणाली, “मला जालन्याला जायचं व्हतं रे, मुडद्या.”

शांतवननं घाईघाईनं तिला पुन्हा चढवायचा प्रयत्न केला. त्यात तिचा पाय मुरगळला. गाडी हलली. गाडीसोबत म्हातारीचं बोचकं गेलं, वहाणा गेल्या आणि बाकावर घोरत पडलेला तिचा पुतण्या भुजंगही गेला.

म्हातारीचं नाव झुंबरबाई. पिंपळगाव रेणुकाईची, नवरा कधीच वारलेला, पोटी कोणी नाही. औरंगाबादला डोळे दाखवून ती परत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की डोळ्यांत आता फारसं काही उरलेलं नाही. शांतवननं तिची हात जोडून माफी मागितली. पुतण्या जालन्याहून परतीच्या गाडीनं येईलच, तोवर घरी चला, म्हणून विनवलं. स्टेशनात निरोप ठेवला, बाकीचा भार प्रभूवर टाकला आणि झुंबरबाईला पाठुंगळी घेऊन तो ख्रिस्तीवाड्याकडे निघाला.

परतीच्या गाडीनं भुजंग आला नाही. दुसऱ्या दिवशीच्याही नाही.

शांतवन सरकारी फार्मावर पिकांना पाणी द्यायचा. उरलेला सगळा वेळ तो लोकांचा होता. कुणी आजारी पडलं की याचं स्तोत्रवाचन, कुणाला दवाखान्यात न्यायचं की याची पाठ, कुणी वारलं की खड्डा खणायला पहिलं फावडं याचं. शांतवनसारखा सेवाभावी माणूस बदनापुरात नाही, असं सगळे म्हणायचे. एक गोष्ट मात्र कुणी बोलत नसे. त्याची एकुलती एक पोर मागच्या साली तापानं गेली होती, आणि तेव्हापासून तो घरात टेकला नव्हता. घरात त्याची बायको पुष्पाबाई भिंतीला पाठ लावून बसलेली असायची. ती देवळात येईनाशी झाली होती. शांतवन दारातूनच “प्रभू सगळं बरं करील” असं म्हणायचा आणि कुणाच्या तरी मदतीला निघून जायचा.

त्या घराच्या अंगणात त्यानं झुंबरबाईला आणून उतरवलं. तिनं लिंबाच्या बुंध्याला हात लावून पाहिला, बसली, आणि पहिला प्रश्न विचारला, की तुम्ही लोक कोण?

“आम्ही ख्रिस्ती, आजी.”

“ते झालं आताचं. पहिले कोण व्हते?”

शांतवननं खरं ते सांगितलं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि ती नसल्याचा त्याला पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला. त्यानं पुढे केलेला पाण्याचा तांब्या म्हातारीनं तसाच राहू दिला. ती घरात यायला तयार होईना. अन्न नको, पाणी नको, आणि सुजलेल्या पायानं कुठे जाताही येईना.

शांतवन पन्नालाल मारवाड्याच्या घरी गेला. पन्नालालची बायको प्रेमबाई दयाळू होती. तिनं नोकराच्या हाती पाण्याची कळशी आणि जेवण धाडायचं कबूल केलं. मात्र ते घर जैनांचं. तिथं कांदा-लसूण चालत नसे आणि दिवे लागायच्या आत चूल विझे. झुंबरबाईला दिवस मावळायच्या आधी भूक लागत नसे, आणि बिगर कांद्याचं पिठलं तिनं जन्मात खाल्लं नव्हतं. तिनं तीन दगड मागितले. मग नवं गाडगं मागितलं. मग पीठ, मिरची, आणि कांदे कुणब्याच्या मळ्यातलेच हवेत म्हणाली. शांतवन फार्मावरून सुटला की तिच्यासाठी दारोदार हिंडू लागला. आजाऱ्यांकडे जाणं मागे पडलं. रोज तो मनापासून प्रार्थना करी, की हे प्रभू, हिचं कोणीतरी येऊ दे आणि हिला घेऊन जाऊ दे.

हिंडता हिंडता गोष्ट गावभर झाली, आणि फिरून आली तेव्हा तिचं रूप बदललं होतं. ख्रिस्ती लोकांनी आगगाडीतून एक आंधळी म्हातारी पळवली आणि आता तिला बाटवणार, असं लोक बोलू लागले. मग रखमाजी चौघांना घेऊन चौकशीला आला. रखमाजी गावातला वजनदार शेतकरी. निजाम गेला, राज्य आपलं आलं, आता असलं काही खपायचं नाही, असं त्यानं अंगणात पाय ठेवतानाच ऐकवलं. मग तो झुंबरबाईपुढे उकिडवा बसला.

“आजी, तुम्हाला यानं जबरदस्तीनं आणलं का?”

“तर काय. दंडाला धरून खाली वढलं.”

चौघांनी शांतवनकडे पाहिलं. शांतवननं मान खाली घातली. ते तर खरंच होतं.

“आन् आता किरिस्तावात घेऊन राह्यले का?”

“मला?” म्हातारी म्हणाली. “यांच्या हातचं पाणी मी घेईना, अन् हे मला काय घेतेत? बिलकुल न्हाई. तू कोणाचा रे? तुझ्या मळ्यात कांदे हायेत का?”

रखमाजीनं संध्याकाळी पाटीभर कांदे धाडले. प्रकरण तिथंच मिटलं, पण म्हातारी होती तिथंच राहिली.

दिसत नसलं तरी झुंबरबाईला ऐकू सगळं यायचं. आपल्या तीन दगडांवर भाकरी भाजताना तिला घरातून भांड्याचा आवाज येत नसे. एका संध्याकाळी तिनं भाकरी खाली ठेवली आणि दाराकडे तोंड करून हाक मारली.

“ए बाई, चूल पेटीव. उपाशी घराच्या दारात बसून मला घास जात न्हाई.”

चूल पेटली नाही. म्हातारी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही जेवली नाही. तिसऱ्या दिवशी पुष्पाबाई फणफणत बाहेर आली आणि म्हणाली, की तुमच्या पायी आम्ही आता घासही तुमच्या हुकमानं खायचा का? शांतवन तेव्हा पाटी घेऊन गल्लीत शिरत होता. त्यानं दोन बायकांचं कडाक्याचं भांडण ऐकलं आणि तो कोपऱ्यावरच थबकला. पुष्पाचा एवढा मोठा आवाज त्यानं वर्षभरात ऐकला नव्हता. डोळे पुसून तो बराच वेळ तसाच उभा राहिला, आणि भांडण संपल्यावरच घरी गेला. घरातून धूर येत होता.

पुढे ऊन तापलं. प्रेमबाईचं सगळं कुटुंब लग्नाला परगावी गेलं आणि कळशी यायची थांबली. भर दुपारी झुंबरबाईचं रिकामं मडकं बघून पुष्पाबाई दारात तांब्या घेऊन आली. पुढं यावं का नाही, तिला समजेना. म्हातारीनंच हात पुढे केला.

“दे. माझे डोळे तर गेलेत. कोणाचा हात हाय, मला काय दिसतंय?”

ती घटाघट पाणी प्यायली. त्यानंतर तीन दगडांवर कुणी चूल पेटवली नाही.

भुजंग आला तो एका रविवारी दुपारी. बोचकं आणायला विसरला होता. शेताची कामं निघाली, मग तापच आल्ता, मग सोबत मिळेना, अशी कारणं तो सांगत राहिला, आणि कुणीच काही विचारत नाही म्हटल्यावर गप्प झाला. शांतवनचं मन मात्र भरून आलं. प्रार्थना ऐकली गेली होती. त्यानं भुजंगचीही माफी मागितली, गाडीची वेळ सांगितली, म्हातारीला पाठुंगळी घ्यायला खाली वाकलासुद्धा.

“चल काकू,” भुजंग म्हणाला.

झुंबरबाई हलली नाही. “मी कशी येऊ? ह्या लोकाचं कोणी न्हाई.”

“कोणाचं?”

“ह्या दोघांचं. बाई दिवसभर भिंतीला टेकून बसती. हा बाबा साऱ्या गावाची सेवा करत फिरतो अन् घरात पाय ठेवायला भितो. दोघं एकमेकाला बोलत न्हाईत. मी हाय म्हणून चूल पेटून राह्यली. तू जा. यांचं जरा बराबर लागलं की निरोप धाडते.”

शांतवन वाकलेला होता, तो तसाच राहिला. भुजंगनं एकदा म्हणून पाहिलं, की काकू, लोक काय म्हणतील. पण ते इतक्या हळू म्हटलं, की पुन्हा विचारायची वेळ येऊ नये. पुष्पाबाईनं दिलेला चहा तो उभ्यानंच प्यायला. स्टेशनाच्या वाटेला तो ज्या जल्दीनं लागला, त्यावरून त्याला पाठवायला प्रभूला एवढा वेळ का लागला, ते शांतवनला उमगलं.

शांतवन सरळ झाला. कोपऱ्यावर कारभारी नावाचा म्हातारा तापानं पडला होता, त्याच्याकडे वाचायला जायचं होतं. त्यानं टोपी उचलली.

“बस खाली,” झुंबरबाई म्हणाली.

तो बसला.

“पोरीचं नाव काय व्हतं?”

शांतवननं टोपी मांडीवर ठेवली. मेलेल्या माणसांच्या घरी त्यानं कित्येकदा न अडखळता प्रार्थना केली होती, पण हा एक शब्द त्याच्या तोंडून निघेना.

“रिबका,” तो शेवटी म्हणाला.

“ते वहीतलं नाव,” दारातून पुष्पाबाई म्हणाली. “घरात तुमी तिला बुचकी म्हणायचे.”

“आपण म्हणायचो,” शांतवन म्हणाला, आणि तोंडावर टोपी धरून रडू लागला. पुष्पाबाई उंबरा ओलांडून त्याच्या शेजारी येऊन बसली. झुंबरबाई दोघांच्या मधल्या जागेकडे बघत होती. तिला काय दिसत होतं, देव जाणे. तिनं पुष्पाबाईला बुचकीचं सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि ऊन उतरेपर्यंत तिघं उठली नाहीत.

कारभाऱ्याकडे जायचं राहूनच गेलं. शांतवनला त्याची फार रुखरुख लागली. सकाळी फार्मावर जाताना तो ओशाळून त्याच्या दारात डोकावला, तर कारभारी ओट्यावर बसून भाकरी खात होता. ताप पार उतरला होता.