मिस्त्रींच्या अकरा दोषांची बखर

हकीकत लिहिण्यास कारण ऐसें जे, पराक्रम करणारे पराक्रम करून जातात आणि चार दिवसांनी घरचीच माणसे म्हणू लागतात की तसे विशेष काही झालेच नव्हते. याकरिता जे घडले ते घडले तैसे, पदरचे अगदी थोडके घालून, येथे नमूद करून ठेविले असे. वाचणाराने चित्त देऊन वाचावे, आणि मध्येच चहा आला तर प्यावा, बखरीस त्याचा राग नाही.

तर राजमान्य राजश्री, सकळदोरखंडप्रवीण, ग्रीसमंडित, अखंडितजिनारूढ लिफ्टमिस्त्री यांचा जुना कारखाना बंद पडून सात मास लोटले. सात मास मिस्त्री घरीच तळ देऊन राहिले, आणि हातास काम नाही म्हणून प्रथम पंखा उतरविला, मग दारावरची घंटा उकलिली, मग मिक्सर, मग शिवणयंत्र, आणि ही सारी ठाणी मुळात धडधाकट असता मिस्त्रींनी ती एकामागोमाग काबीज केली व परत जोडून दिली, आणि प्रत्येक ठाण्यातून दोन-चार स्क्रू शिल्लक उरले ते एका बरणीत दाखल जाहले. मिस्त्रींचे कुटुंब, म्हणजे बाईसाहेब, यांनी हे सर्व सोसले. परंतु एके सकाळी मिस्त्री फ्रिजपाशी उभे राहून त्याच्या पोटास कान लावून आहेत हे पाहिले आणि त्यांचा धीर सुटला. मग हुकूम जाहला की, "फ्रिजला हात लावलात तर मी माहेरी जाईन. आणि जाताना ती बरणी तुमच्या उशाशी ठेवून जाईन."

त्यातच कन्येचे प्रकरण उपस्थित जाहले. कन्या इयत्ता दुसरीत. शाळेच्या वहीत स्वतःची माहिती भरावयाची होती, आणि माझे नाव, माझे घर, माझा आवडता रंग ही कलमे कन्येने झपाट्याने मारिली, आणि 'माझे वडील काय करतात' या ओळीपाशी येऊन तिची पेन्सिल थबकली. "बाबा, इथे काय लिहू?" ऐसा सवाल आला. मिस्त्री हातात घंटेची तार धरून उभे होते. त्यांनी तारेकडे पाहिले, मग वहीकडे पाहिले, आणि म्हणाले, "सोमवारी द्यायचीय ना वही? तोवर राहू दे कोरी." आजवर मिस्त्रींनी मालकांची बोलणी खाल्ली, विजेचे झटके खाल्ले, परंतु त्या कोऱ्या ओळीइतके काही त्यांच्या जिव्हारी लागले नव्हते.

देवदयेने त्याच आठवड्यात लिफ्टा राखणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा खलिता फोनवर आला की, शुक्रवारी अकरा वाजता मुलाखतीस हजर होणे. तेव्हा गुरुवारी घरात मसलत भरली. मसलतीस मेहुणे खासे आले. मेहुण्यांनी आजवर नऊ नोकऱ्या धरल्या आणि नऊही सोडल्या, त्यामुळे मुलाखतीच्या विद्येत त्यांच्या तोडीचा पुरुष घराण्यात दुसरा नाही. त्यांनी आधी पोहे संपविले, चहा घेतला, आणि मग गनिमाच्या किल्ल्याचा भेद सांगितला की, वरवरचे प्रश्न सारे सोपे असतात, परंतु शेवटी दगा आहे. शेवटी ते गोड बोलून विचारतात की तुमचे दोष सांगा, आणि तेथे भले भले गारद होतात. त्यावर तोड काय, ऐसे मिस्त्रींनी पुसले. तोड ही की, दोष असा सांगावा जो ऐकणाराला गुण वाटावा, आणि तो मेहुण्यांनी तोंडपाठच दिला: "मी फार काम करतो. काम पुरं झाल्याशिवाय मला घरी जाववत नाही, हाच माझा दोष."

आतून बाईसाहेबांचा आवाज आला, "यांना घरी जाववत नाही? सात महिने झाले, यांना घराबाहेर जाववत नाहीये." आणि पुढे निरोप आला की, खरे दोष हवे असतील तर आमच्याकडे या, आमची दुपार मोकळी आहे. मेहुण्यांनी ही कुमक साफ नाकारली. मग मिस्त्री आरशासमोर उभे राहून ते वाक्य घोकू लागले, आणि पंधराव्या वेळेस ते कन्येस पाठ झाले, मिस्त्रींस मात्र विसाव्या वेळेस.

येथे मिस्त्रींच्या धंद्याची एक चाल सांगणे अवश्य आहे. लिफ्ट तपासली की तिचा तपासणी-कागद भरावा लागतो, आणि त्यात चार रकाने असतात: दोष, कारण, तात्पुरता उपाय, कायमचा उपाय. तळाशी एक ओळ असते की यंत्र वापरास योग्य किंवा अयोग्य, आणि खाली सही. जुन्या मिस्त्रींचा दंडक ऐसा की, ज्या कागदावर एकच दोष लिहिला तो कागद फाडून टाकावा, कारण यंत्राला एकच दोष कधी नसतो. लिहिणारा लिफ्टच्या खड्ड्यात उतरलाच नाही, चहाच्या टपरीवर बसून त्याने कागद रंगविला, इतकाच त्याचा अर्थ. मिस्त्री या दंडकात वीस वर्षे वाढले होते.

शुक्रवारी स्वारी इस्त्रीच्या सदऱ्यासह कंपनीच्या दारी दाखल जाहली. दिवाणखाना सहाव्या मजल्यावर. मिस्त्रींनी लिफ्ट बोलाविली, लिफ्ट आली, दार उघडले, आणि मिस्त्रींनी आत पाऊल न घालता खाली वाकून पाहिले, क्षणभर कान दिला, आणि मग निमूटपणे जिन्याची वाट धरिली. वर पोहोचेतो सदरा पाठीस चिकटला. बाहेरच्या बाकावर चार उमेदवार आधीच मोर्चे बांधून बसले होते आणि चौघांचे ओठ हलत होते. बारीक आवाज टिपणे हा मिस्त्रींचा जन्माचा स्वभाव, तेव्हा त्यांनी कान दिला, तो काय ऐकिले, की चौघेही तेच घोकताहेत: मी फार काम करतो, मला घरी जाववत नाही. मेहुण्यांचे गुप्त हत्यार मुलुखभर वाटून झाले होते. परंतु मिस्त्रींजवळ दुसरे हत्यार नव्हते.

यथावकाश पाचवी हाक आली आणि मिस्त्री आत गेले. पुढे तीन असामी: मध्ये कंपनीचे साहेब, एक डोळा मोबाईलवर ठेवून, उजवीकडे भरतीच्या मॅडम, कागदांची चळत घेऊन, आणि डावीकडे कंपनीचे म्हातारे वस्ताद, सर्व मिस्त्र्यांचे मुख्य, हाताची घडी घालून व डोळे मिटून. मोटार, दोर, दरवाजे यांवरचे सवाल मिस्त्रींनी उभे कापून काढिले. मग मॅडमनी हसून पुसले, "आता तुमचे दोष सांगा बघू."

मिस्त्रींनी घोकलेले वाक्य टाकिले. मॅडमनी मान वर न करता एक टिक केली, कारण ते वाक्य त्यांनी कागदावर छापूनच आणिले होते.

आणि तेव्हा वस्ताद डोळे न उघडता म्हणाले, "एकच?"

हा एक शब्द येताच मिस्त्रींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वीस वर्षांत टपरीवर बसून कागद रंगविल्याचा आळ त्यांच्यावर आला नव्हता, तो आज आला, आणि खरा होता. मेहुणे, मसलत, आरसा सर्व विसरून ते म्हणाले, "नाही. कागद मिळेल का एक?" कागद मिळाला. मिस्त्रींनी खिशातली पट्टी काढून चार रकाने आखिले, तळाशी योग्य-अयोग्याची ओळ सोडिली आणि स्वतःच्या खड्ड्यात उतरले.

पहिला दोष लिहिला की, सकाळी उठवल्यावाचून जाग येत नाही. तात्पुरता उपाय, बायको. दुसरा, यंत्राचा आवाज कानी आला की समोरच्या माणसाचे ऐकू येत नाही. तिसरा, आपली चूक कबूल करण्यास दोन दिवस लागतात. तात्पुरता उपाय, बायको. कायमचा उपाय, शोध जारी. चौथा, जे बिघडले नाही तेही खोलून पाहावेसे वाटते, पाहा बरणी. मॅडमनी बरणीचा खुलासा पुसला आणि तो ऐकून त्यांनी तोंडास रुमाल लाविला. पाचवा, सहावा, सातवा असे करीत लेखणी दहाव्याशी आली. त्यात मेहुण्यांचे ऐकणे हाही एक दोष रीतसर दाखल जाहला, कारण: भिडस्तपणा.

अकरावा लिहिण्यापूर्वी मिस्त्री थांबले, कारण तो जड होता. मग त्यांनी तोंडानेच सांगितले की, जुन्या कारखान्यात असता एका इमारतीच्या उद्घाटनास मालक सारे पाहुणे घेऊन आले आणि आपण ऐन वेळी लिफ्ट बंद केली, सात मजले पाहुण्यांना चालविले.

"का?" वस्तादांनी पुसले.

"आवाज आला होता."

"काय निघालं?"

"काहीच नाही. दोन दिवस शोधलं."

"म्हणजे चूक झाली."

"झाली," मिस्त्री म्हणाले. "पण तसाच आवाज परत आला तर परत बंद करीन. हा दोष माझ्याकडून जाईल असं वाटत नाही." आणि कायमच्या उपायाच्या रकान्यात त्यांनी आडवी रेघ मारिली. आता नोकरी गेली आणि सोमवारी वही कोरीच जाणार, ऐसे त्यांच्या मनाने घेतले, आणि त्यांस खरोखर वाईट वाटले.

वस्तादांनी आता डोळे उघडिले. "जिन्याने आलात तुम्ही. लिफ्ट काय वाईट होती आमची?"

"थांबताना बोटभर खाली थांबते. ब्रेकची पट्टी झिजलीय बहुतेक. खोलून बघावी लागेल."

साहेबांनी मोबाईल मेजावर उपडा ठेविला. वस्ताद त्यांच्याकडे वळून म्हणाले, "तीन आठवडे मी दुसरं काय सांगतोय?" साहेब रोज चार वेळा त्या लिफ्टने जात-येत असत, त्यांचा चेहरा अंमळ उतरला.

मग वस्तादांनी कागद ओढून घेतला, वरपासून खालपर्यंत वाचिला आणि तळाशी बोट ठेविले. ती ओळ कोरी होती. "ही कोण भरणार? योग्य का अयोग्य?"

मिस्त्रींनी फार वेळ विचार केला. अकरा दोषांचे यंत्र योग्य म्हणून लिहिणे त्यांच्या हातून होईना, आणि अयोग्य लिहिणेही होईना. शेवटी त्यांनी लिहिले: देखरेखीखाली वापरास योग्य. वस्तादांनी लेखणी मागितली, 'देखरेख' या शब्दाखाली आपली सही ठोकिली, आणि हुकूम जाहला की सोमवारपासून कामास येणे, आणि पहिले काम म्हणजे आमचीच लिफ्ट. त्या दिवशी साहेब, मॅडम आणि वस्ताद तिघेही जिन्याने उतरले, आणि मॅडमनी उंच टाचा हातात घेतल्या होत्या.

संध्याकाळी मिस्त्री त्या कागदाची झेरॉक्स घेऊन घरी आले. मेहुणे श्रेय घेण्यास आधीच येऊन बसले होते. बाईसाहेबांनी कागद उभ्याने वाचिला, दोन ठिकाणी स्वतःचा उल्लेख पाहिला, आणि म्हणाल्या, "अकराच?" मग कन्येच्या कंपासातून पेन काढून त्यांनी वस्तादांच्या सहीशेजारी आपली सही केली आणि आत जाऊन डोळे पुसले. फ्रिज वाचला.

येणेप्रमाणे ही मोहीम शुक्रवारी, दुपारचे साडेबारा वाजता, एकही खोटे वाक्य न टिकता फत्ते जाहली. अस्सल कागद कंपनीच्या दप्तरी आहे, नक्कल फ्रिजच्या दारावर. या विजयाचा तिसरा पुरावा कन्येच्या वहीत असून, त्या ओळीवर तिने फ्रिजवरच्या नकलेशी ताडून पाहून पेन्सिलीने लिहिले आहे: 'माझे बाबा लिफ्ट तपासतात. ते देखरेखीखाली वापरास योग्य आहेत.' खाली शाळेतल्या बाईंची लाल शाईची बरोबर अशी खूण आहे.