एकविसाव्या मजल्यावरचा वास

"या लिफ्टमध्ये कुणीतरी मेलंय वाटतं!" शेजारची सुजाता आरशाकडे बघत पुटपुटली. तिच्या कोपराला कोपर लावून उभा असलेला फेलिक्स लगेच छत न्याहाळू लागला. कारण वास त्याच्याच फ्लॅटमधून येत होता!

त्याच्या सासूबाईंनी वसईला वाळवलेले बोंबील ते. मार्चमध्ये त्याच्या बायकोने, बेटीने, बॅगेतून दुबईला आणले, आणि एप्रिलमध्ये सासूबाई गेल्या. तेव्हापासून बेटीने तो खोका स्टोअररूममध्ये देवासारखा ठेवलेला. उघडायचा नाही, हलवायचा नाही! त्यावर एसीचं पाणी ठिबकलं. तेही ऑगस्टमध्ये. पुढचं काय सांगायचं!

पण बेटीला सांगणार कोण? ती अजून "आईला तिखट चालत नाही" असंच बोलायची. फेलिक्सकडे मात्र तोड होती. रोज मेट्रोत बसून त्याने अस्तित्व या विषयावरचे तब्बल साठ व्हिडिओ बघितले होते.

"वास वस्तूत नसतोच, शेनॉन," त्याने जेवताना लेकीला ठणकावलं. "तो आपल्या मेंदूत असतो. नाकच नसेल तर वास कुठला?"

"देन व्हाय इज द नेबर्स कॅट ॲट अवर डोअर, डॅडी?"

बेटी खाली मान घालून भात चिवडत राहिली.

शनिवारी सकाळी वॉचमन खैरुद्दीनने बेल मारली. "साब, आपके यहाँ गॅस लीक है क्या?"

'नाही' म्हटलं असतं तर विषय खलास! पण साठ व्हिडिओ पोटात राहतात थोडेच?

"खैरुद्दीनभाई," फेलिक्स दाराला टेकून म्हणाला, "है या नहीं है, ये हम यकीन से कैसे कह सकते हैं?"

खैरुद्दीनने पुढचं ऐकलंच नाही. धावत जाऊन अलार्म दाबला!

जेएलटी वस्तीतला अख्खा पस्तीस मजली टॉवर चव्वेचाळीस डिग्रीत रस्त्यावर. कुणी टॉवेलवर, कुणी दाढीच्या फेसासकट, एकीच्या हातात शिटी न झालेला कुकर! आगीचा बंब आला. गॅस मोजायचं मीटर घेतलेला माणूस वर गेला. मीटर गप्प. तो खाली आला तेव्हा त्याच्या लांब केलेल्या हातांत खोका होता, बाप्तिस्म्याला आणलेल्या रडक्या बाळासारखा.

"किसका है?"

फेलिक्सने घसा खाकरला. "मुळात 'कुणाचं' ही कल्पनाच..."

"अय्या, बोंबील!" सुजाता पुढे आली. "बेटी, तुझे ना गं? एवढं काय तोंड पाडायचं त्यात? आईंना फोन कर, नवे पाठवतील."

फेलिक्स टॉवरचे मजले मोजू लागला. शेनॉन चपलांकडे बघू लागली. बेटीने खोका हातात घेतला, झाकण उघडलं आणि आत नीट बघितलं.

"आई वारली, सुजाता. एप्रिलमध्ये," ती म्हणाली. "आणि हे सडलेत. यल्ला, चला, कुणीतरी कचऱ्याची मोठी पिशवी आणा."