वरची कोथिंबीर

वर्तकनगरच्या नाक्यावर पाव किलो भेंडी घेतली की वर चार काड्या कोथिंबीर मिळते, ही गंभीर बाब अन्नबाजार निकोप स्पर्धा कक्षाच्या निदर्शनास अत्यंत उशिरा आली. तोवर लोकांच्या तीन पिढ्यांनी ती कोथिंबीर आमटीवर भुरभुरून खाल्ली होती आणि कुणालाही काहीही झालं नव्हतं. कक्षाला नेमकं हेच संशयास्पद वाटलं.

तक्रार ‘ताजंतवानं’ नावाच्या ॲपची होती. हे ॲप मोबाइलवर बोट टेकवताच भाजी दारात आणून देई. त्याची कोथिंबीर धुतलेली, निवडलेली आणि प्लास्टिकच्या डबीत आडवी निजवलेली असे, पण तिला गिऱ्हाईक नव्हतं. नाक्यावर फुकट मिळतेय तर विकत कोण घेणार, असा ॲपचा रडका सूर होता. घरोघरी भाजी पोचवायला वर पैसे घेणाऱ्या ॲपला फुकट या शब्दाचा मनस्वी तिटकारा होता आणि तो वकिलामार्फत व्यक्त झाला होता.

कक्ष ठाण्यातच, टेंभी नाक्याजवळच्या एका इमारतीत होता. कक्षप्रमुख प्रशांतसाहेबांनी प्रकरण संचिताच्या टेबलावर ठेवलं. संचिता अर्थशास्त्रात पहिल्या वर्गात आलेली, हुशार बाई. पण कक्षात ती कित्येक वर्षं कंत्राटावर होती. मुदत संपत आली की तिचा जीव टांगणीला लागे आणि पुन्हा कंत्राट मिळालं की ती सगळ्यांना पेढे वाटे. साहेब म्हणाले, अहवाल चोख झाला तर या खेपेला कायम करून टाकू. ‘कायम’ हा शब्द ऐकून संचिताला अशा गुदगुल्या झाल्या की तिने ती फाईल छातीशी धरूनच चहा घेतला.

पाहणीसाठी तिला लांब जावं लागलं नाही. ती वर्तकनगरलाच राहायची आणि तिच्या सासूबाई, रमाबाई, रोज नाक्यावर विमलाबाईंकडून भाजी घ्यायच्या. विमलाबाई खडवलीहून पाट्या घेऊन यायच्या. त्यांच्या शेजारी डॉरिस बसायची. तिची समुद्राकडच्या गावात स्वतःची बागायत होती आणि तिची वांगी आसपासच्या सोसायट्यांत नावाजलेली होती. दोघी सकाळभर एकमेकींची गिऱ्हाइकं पळवायच्या आणि दुपारी एकाच डब्यात जेवायच्या.

संचिता सासूबाईंच्या मागे उभी राहून शास्त्रीय निरीक्षण करू लागली. रमाबाईंनी प्रत्येक भेंडीचं शेपूट मोडून पाहिलं, भावावरून वाद घातला, पैसे दिले आणि पिशवीचं तोंड उघडं धरून समोरच्या रिक्षांकडे बघत राहिल्या. विमलाबाईंनी चार काड्या कोथिंबीर टाकली. रमाबाई हलल्या नाहीत. विमलाबाईंनी दोन मिरच्या टाकल्या, तेव्हा कुठे रमाबाईंना घरी गॅसवर दूध ठेवल्याची आठवण झाली.

अहवालात संचिताने लिहिलं: ‘मुख्य वस्तूच्या खरेदीपश्चात ग्राहक पिशवीचे मुख उघडे ठेवतो व विक्रेत्यावर मूक दबाव आणतो. परिणामी विक्रेता उपवस्तू शून्य किमतीस देतो. शून्य ही किंमत उत्पादनखर्चाहून कमी असल्याने प्रतिस्पर्ध्यास बाजारात टिकणे अशक्य होते.’ साहेबांनी हे दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा तर त्यांचे डोळेच पाणावले. लगोलग आदेश निघाला की यापुढे कोथिंबीर फुकट देता येणार नाही, तिला किंमत लावलीच पाहिजे.

आदेश समजावून सांगायला संचिता स्वतः नाक्यावर गेली. विमलाबाईंनी नीट ऐकून घेतलं.

“मंजे कोथमीर इकायची?”

“हो मावशी. फुकट द्यायची नाही.”

“आन भेंडी?”

“भेंडीबद्दल आदेशात काही नाही.”

विमलाबाईंनी डॉरिसकडे पाहिलं. डॉरिसने वांग्यांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी नाक्यावर दोन पाट्या लागल्या. एकीवर लिहिलं होतं, ‘कोथिंबीर चार काड्या वीस रुपये, त्यावर पाव किलो भेंडी मोफत.’ दुसरीवर भेंडीच्या जागी वांगी होती. दोघींनी कायदा अक्षरशः पाळला होता आणि धंदा मागील पानावरून पुढे चालू होता. रमाबाई तर घरी आल्या त्या उड्या मारायच्याच बाकी होत्या. “अगं संचिता, भेंडी फुकट मिळायला लागली,” त्या म्हणाल्या. “मी पिशवी जरा उघडी धरली, तर मिरच्याही दिल्यान.”

महिनाअखेरीस कक्षात आकडे आले. वर्तकनगरात भेंडीची विक्री शून्य, वांग्यांची शून्य, दुधीची शून्य. कोथिंबिरीचा भाव मात्र किलोमागे काजूच्या पुढे गेला होता आणि तरीही ती हातोहात खपत होती. संचिताचा आलेख कागदावर मावेना, म्हणून तो भिंतीवर चढवला. या आकड्यांचा एकच अर्थ निघत होता, आणि तो कक्षाने काढला. ठाणेकरांनी भाज्या सोडल्या असून ते केवळ कोथिंबिरीवर जगत आहेत.

आरोग्याचा प्रश्न आला म्हणून डॉक्टरांचं पथक पाठवण्यात आलं. त्यांनी सोसायट्यांच्या आवारात वजनकाटे मांडले. एकाचंही वजन घटलेलं नव्हतं आणि काहींचं वाढलं होतं. पथकाने प्रामाणिकपणे निष्कर्ष काढला की कोथिंबीर हे परिपूर्ण अन्न आहे. संचिताला क्षणभर वाटलं, आपण काल रात्री भरली वांगी खाल्ली ते सांगावं का. पण कायम होण्याची फाईल साहेबांच्या टेबलावर होती, आणि वांगी आकडेवारीत कुठेच नव्हती. ती गप्प बसली. गप्प बसण्याचं तिला वाईट वाटलं, हेही इथे सांगितलं पाहिजे. ते वाईट वाटणं जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकलं.

मग व्हायचं ते झालं. परिपूर्ण अन्नाची बातमी कल्याणच्या घाऊक बाजारात पोचली आणि तिथून गावोगाव. खडवलीपासून पुढे ज्याला जागा मिळेल त्याने कोथिंबीर पेरली. भेंडी उपटली, वांगी उपटली. डोंबिवलीत लोकांनी गॅलरीतली तुळस बाजूला सरकवून धणे टाकले. एका सोसायटीने तर पार्किंगमध्ये वाफे केले आणि गाड्या रस्त्यावर लावल्या. ‘ताजंतवानं’ने कोथिंबीर सदस्यत्व काढलं, त्यात वर्षभर काड्या मिळणार होत्या आणि वर भाजी मोफत. फक्त ही मोफत भाजी हाताळण्याचा, पिशवीचा आणि मोफतपणाचा आकार वेगळा होता. लोकांनी तो हूं की चूं न करता भरला, कारण मोबाइलपुढे पिशवीचं तोंड उघडं धरता येत नाही.

शेवटी एका सकाळी विमलाबाईंच्या पाटीत कोथिंबिरीचा डोंगर होता आणि भेंड्या होत्या मोजून सात. रमाबाईंनी वीस रुपये दिले आणि पिशवी उघडली. विमलाबाईंनी एक भेंडी टाकली. रमाबाई हलल्या नाहीत. त्यांच्या मागच्या बाईही हलल्या नाहीत, त्यांच्या मागच्याही नाहीत, आणि बघता बघता न हलणाऱ्यांची रांग पार बसथांब्यापर्यंत गेली. वाहतूक खोळंबली. डॉरिस उठून म्हणाली, “बाय, आता मलाच पिशवीत घाला नि न्या.”

ही परिस्थिती फुकट कोथिंबिरीमुळेच उद्भवली, असं कक्षाचं ठाम मत पडलं. फुकट देणाऱ्यांवर बंदी घालून भागलं नव्हतं. दोष मागणाऱ्याचाही होता. दुसरा आदेश लिहायचं काम अर्थातच संचिताकडे आलं, आणि तिने त्यात जीव ओतला. कोणत्याही व्यवहारात ठरल्याहून अधिक काहीही देणे, घेणे किंवा मागणे हा गुन्हा ठरला. पळवाट राहू नये म्हणून तिने ‘यावर काय?’, ‘एवढ्यातच?’ आणि ‘थोडं वर घाला ना’ ही तिन्ही वाक्यं आदेशात शब्दशः नमूद केली. पिशवीचं तोंड उघडं धरणं हीही मागणी समजण्यात आली. साहेब इतके खूश झाले की त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक कलम वाढवलं: कक्षातल्या कुणी असा गुन्हा केल्यास सेवा तत्काळ समाप्त. संचिताने त्याखाली ‘योग्य’ असं लिहिलं.

बाजार निकोप झाला. बायका येत, पैसे देत, पिशवीला गाठ मारत आणि जात. कुणी भांडत नव्हतं, कुणी हसत नव्हतं. रमाबाईंची तर भूकच मेली. पुढे त्या नाक्यावर जायच्याच बंद झाल्या आणि मोबाइलवर बोट टेकवू लागल्या. ॲपने कक्षाचे आभार मानले आणि पोचवण्याचा आकार दुप्पट केला.

आणि एका शुक्रवारी साहेबांनी संचिताला आत बोलावलं. केबिनमध्ये सगळे सहकारी जमले होते आणि पेढे या वेळी कक्षाने आणले होते. साहेबांनी भाषण केलं. कोथिंबिरीच्या एका काडीतून संचिताबाईंनी अवघ्या बाजाराला शिस्त लावली, असं ते म्हणाले. मग त्यांनी कायम नियुक्तीचं पत्र तिच्या हातात दिलं. तिने पत्र उघडलं, पदनाम वाचलं, मूळ वेतन वाचलं. डोळ्यांत पाणी आलं. आणि सासरमाहेरच्या तीन पिढ्यांची सवय, पदवी आणि पदनाम यांना न जुमानता, तिच्या तोंडून बाहेर पडली.

“सर, थोडं वर घाला ना.”

केबिनमध्ये कुणी पेढा चावत होतं, ते थांबलं. साहेबांनी हात पुढे केला, पत्र अलगद तिच्या बोटांतून काढून घेतलं आणि आदेशाची प्रत मागवली. तीन वाक्यांपैकी हे तिसरं होतं. खाली ‘योग्य’ असा शेरा होता आणि अक्षर तिचंच होतं.

तिची सेवा त्याच दिवशी समाप्त झाली आणि गोष्टही इथे संपली. जेवढी ठरली होती तेवढी सगळी तुम्हाला मिळाली आहे, वजनात खोट नाही. तरीही तुम्ही पान उलटत नाही आहात. पिशवीचं तोंड उघडं धरून, समोरच्या रिक्षांकडे बघत, तात्पर्याच्या चार काड्या वर पडतील म्हणून उभे आहात. जरा मागे वळून बघा, कक्षातलं कुणी नाही ना?