ओरखडा पडू नये म्हणून घ्यावयाची खबरदारी

"आई, तू एवढं एकच बघ. घड्याळ पप्पांच्या हातावर राहिलं पाहिजे आणि पप्पा रोज चालले पाहिजेत. बाकी मी तिकडून बघते."

आमची मुलगी संघमित्रा हे दारात चपला घालता घालता म्हणाली आणि हैदराबादला नोकरीवर परत गेली. मी "हो" म्हटलं. पुढे जे घडलं त्यात त्या "हो"चा दोष नाही, हे आधीच नमूद करते.

नवीन वस्तू वापरण्यासाठी नसते. वापरण्यासाठी जुनी वस्तू असते. नवीन वस्तू जपायची, जपता जपता ती जुनी झाली की वापरायला काढायची, आणि तोवर ती चालेनाशी झाली असेल तर पुन्हा जपून ठेवायची. सुसंस्कृत घराची हीच ओळख आहे. ज्या घरात टीव्हीच्या रिमोटवर प्लास्टिक नाही, त्या घरात मुलगी देताना लोक विचार करतात.

आमच्या घरात हे शास्त्र अधिकच रुजलं, कारण आमचे हे, म्हणजे खंडूराव, एकतीस वर्षं एका सरकारी गोदामात भांडारपाल होते. त्यांच्या कारकिर्दीत गोदामातल्या ताडपत्र्यांना एकदाही पाऊस लागला नाही. (पाऊस बाहेर पडत होता. ताडपत्र्या आत होत्या.) निरोपसमारंभात साहेबांनी या गोष्टीचा खास उल्लेख केला आणि यांना एक शाल दिली. ती शाल अजून घडीही न मोडता कपाटात आहे.

अशा माणसाच्या हृदयाला मार्च महिन्यात त्रास झाला. एक स्टेंट बसला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या वेळेवर घ्या आणि रोज पाऊण तास चाला. संघमित्राने नवं स्मार्टवॉच आणलं. ते हातावर बांधलं की पावलं मोजतं, हृदयाचे ठोके मोजतं आणि दोन्ही आकडे तिच्या फोनवर हैदराबादला पाठवतं. दिवसाला सहा हजार पावलं ठरली. हे घड्याळाकडे पाहून म्हणाले, "वस्तू चांगली आहे." एकतीस वर्षांत त्यांनी एवढी स्तुती फक्त एका वजनकाट्याची केली होती.

चार दिवस ते चालले. घाटकोपरला पंतनगरात आमची जुनी इमारत आहे, तिसरा मजला, लिफ्ट नाही. खाली उतरायचं, लोखंडी गेट उघडायचं, बागेला सहा फेऱ्या मारायच्या आणि वर यायचं. पाचव्या दिवशी ते अर्ध्या तासात परत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "वाट लागली."

मी घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन धावले. विचारलं, "छातीत दुखतंय का हो?"

"छातीचं काय घेऊन बसलीस? काचेवर ओरखडा पडलाय."

डाव्या हाताने गेट उघडताना मनगट कडीला घासलं होतं. ओरखडा पाहायला आधी चष्मा, मग भिंग आणि शेवटी खिडकीतलं ऊन लागलं, पण तो होता. त्याच संध्याकाळी यांनी कोऱ्या कागदावर पंचनामा केला. "घड्याळ मनगटी, एक नग. काचेच्या डाव्या अंगास तिरपा ओरखडा, लांबी अकरा मिलिमीटर, खोली नखास जाणवत नाही परंतु मनास जाणवते." शेजारच्या नीलाने साक्षीदार म्हणून सही केली.

बातमी इमारतीत पसरली. हे हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा भेटायला सोळा माणसं आली होती. ओरखडा पडल्यावर एकवीस आली. त्यांतल्या दोघांनी येताना केळी आणली.

एकवीस जणांनी मिळून सव्वीस उपाय सांगितले. पैकी तीन प्रत्यक्ष करण्यात आले. त्यांची माहिती सर्वांना उपयोगी पडावी म्हणून देत आहे.

पहिला उपाय टूथपेस्टचा. नीला म्हणाली, "अगो, पांढरी पेस्ट घे, मऊ कापडान गोल गोल घास. माझ्या भाच्यान केलान, काच आरशासारखी झाली." यांनी चाळीस मिनिटं गोल गोल घासलं. मूळ ओरखडा जागेवरच राहिला. त्याच्याभोवती बारीक बारीक नवे ओरखडे मात्र उमटले आणि घड्याळाला लवंगेचा वास येऊ लागला. नीला वास घेऊन म्हणाली, "माझ्या भाच्याची पेस्ट येगळी होती."

दुसरा उपाय खायच्या सोड्याचा. त्याने वास गेला. (हा उपाय अंशतः यशस्वी मानावा.)

तिसऱ्या उपायासाठी आम्ही स्टेशन रोडवर विकीकडे गेलो. विकीचं मोबाइलची कव्हरं विकायचं दुकान आहे आणि त्याला जीवनाची चांगली समज आहे. त्याने घड्याळ उजेडात धरलं आणि म्हणाला, "काका, ओरखडा निघत नसतो, झाकायचा असतो. आख्खी मुंबई तशीच चालू आहे ना!" त्याने मूळ काचेवर दुसरी काच बसवली. दुसऱ्या काचेला ओरखडा पडू नये म्हणून वर रबरी कडांचं कव्हर चढवलं. आता कव्हरचं काय, असं यांनी विचारल्यावर तो बराच वेळ यांच्याकडे आदराने बघत राहिला.

कव्हरची सोय घरी केली. संघमित्राचा शाळेतला करड्या रंगाचा मोजा मी जपून ठेवला होता. (माझ्याकडेही शास्त्र आहे.) त्याचा तळवा कापून मनगटावर चढवायची बाही शिवली. आता मूळ काचेवर दुसरी काच, त्यावर कव्हर आणि कव्हरवर मोजा, अशी व्यवस्था झाली. वेळ पाहायची असेल तर हे उजव्या हातातलं जुनं चावीचं घड्याळ पाहत. नव्या घड्याळाने वेळ दाखवलीच पाहिजे, असा हट्ट आम्ही धरला नाही. ते नवं होतं.

एवढं झाल्यावर यांनी स्वस्थ बसून प्रश्नाच्या मुळाशी जायचं ठरवलं. कॉलनीतल्या धोक्याच्या जागांची यादी केली. गेटची कडी, बागेच्या रेलिंगचे टोकदार भाले, भाजीवाल्याचे क्रेट, समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाचा नमस्कारासाठी पुढे झालेला हात. गेट यापुढे उजव्या हाताने उघडावे, असा नियम त्यांनी स्वतःला घालून दिला. मग आकडे तपासले. ओरखडा पडला तेव्हा घड्याळ चालणाऱ्या माणसाच्या हातावर होतं. बसलेल्या माणसाच्या हातावर असताना ओरखड्यांची संख्या शून्य. निष्कर्ष उघड होता. ओरखड्याचं मूळ कारण चालणं हे आहे.

त्या दिवसापासून चालणं बंद झालं.

एक अडचण राहिली. घड्याळ बसून राहिलं तर हैदराबादला शून्य दिसणार. यांनी विचार केला आणि मला म्हणाले, "तुझा हात सावकाश असतो. कशाला आपटत नाही. तू घालून फिरून ये. जबाबदारीने."

मला आठवण होती, घड्याळ "पप्पांच्या हातावर" असं मुलगी म्हणाली होती. पण ती दूर होती आणि हे समोर होते. मी मोज्यासकट घड्याळ चढवलं, मनगट पदराखाली छातीशी धरलं आणि बागेला सहा फेऱ्या मारून आले. पहिल्याच दिवशी सहा हजार दोनशे पावलं. हैदराबादहून लगेच निरोप आला, "पप्पा, झकास!" हे खुर्चीत बसून तो दोनदा वाचून खूश झाले. अभिनंदन स्वीकारायला श्रम पडत नाहीत.

आता तुमच्या मनात शंका येईल. मी रोज सकाळी मेणबत्ती लावून वंदना घेते, पंचशील घेते. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. ते मी मोडलं नाही. आकडा घड्याळाने पाठवला होता आणि घड्याळाने शील घेतलेलं नाही. मुलगी मला काही विचारत नव्हती, ती फोनला विचारत होती. आणि न बोलण्याबद्दल शिलात काही म्हटलेलं नाही, असं मी रोज मेणबत्ती विझताना स्वतःला समजावत असे. दुसरं शील दुसऱ्याचं न घेण्याचं. ते तर मोडायचा प्रश्नच नव्हता. मी पावलं घेत नव्हते, देत होते.

महिनाभर योजना उत्तम चालली. माझे गुडघे मोकळे झाले. माझी साखर कमी आली. नीला म्हणाली, "काय गो, चेहऱ्यावर तेज इला तुझ्या!" हे मात्र सकाळी पेपर घेऊन वर येताना दुसऱ्या मजल्यावर थांबून विजेचे मीटर वाचू लागले. आधी एक मीटर वाचत. मग चारही वाचू लागले. शेवटी शेवटी तर पेपरही तिथेच उघडून बसायचे. मी वरून विचारायचे, "अहो, काय झालं?" ते खालून म्हणायचे, "काही नाही, कुलकर्ण्यांचं युनिट जास्त आलंय." कुलकर्णी चार महिने गावी होते.

तिसाव्या दिवशी संध्याकाळी संघमित्राचा व्हिडिओ कॉल आला. हे खुर्चीत बसले होते, मी शेजारी वाटाणे सोलत होते. मुलीचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"पप्पा, महिन्याचा चार्ट डॉक्टरांना पाठवला. ते म्हणाले, मार्च महिन्यातला पेशंट वाटत नाही हा! ठोके इतके छान आहेत, तर उद्यापासून एक गोळी कमी करून बघू या म्हणतायत."

"बरं," हे म्हणाले. "डॉक्टरच म्हणतायत तर…"

हे माझ्याकडे न बघता बोलले. यांना ओळखून मला पस्तीस वर्षं झाली आहेत. हे माझ्याकडे बघत नाहीत तेव्हाच मला उद्देशून बोलत असतात. मी शेंग हातात धरून बसले. चार्ट माझा होता. गोळी यांची कमी होणार होती. एवढा साधा हिशोब करायला भांडारपाल असावं लागत नाही.

"आई, तू गप्प का गं? खूश नाहीस?"

महिन्यात पहिल्यांदाच तिने फोनऐवजी मला विचारलं.

"संघमित्रा," मी म्हटलं, "ती पावलं माझी आहेत."

"म्हणजे?"

"पाचव्या दिवसापासून. पप्पा चालत नाहीत. घड्याळ मी घालते."

पडद्यावर तिचा चेहरा जागच्या जागी थांबला. मला वाटलं, नेटवर्क गेलं. मग तिने हळूच विचारलं, "आणि ठोके?"

"तेही माझेच."

"तुम्हा दोघांना वेड लागलंय का? का केलंत असं?"

हे खुर्चीत ताठ झाले आणि साहेबांना उत्तर द्यावं तसं म्हणाले, "काचेला ओरखडा पडला होता."

"पप्पा, त्या काचेची गॅरंटी आहे! नुसता ओरखडा नाही, फुटली तरी वर्षभर बदलून देतात. मी मुद्दाम जास्तीची घेतलीय." मग ती स्क्रीनजवळ सरकली. "तुमची कुठून घेऊ?"

कॉल संपला. गोळी कमी झाली नाही. हे जेवायला बसले. ताकाची वाटी संपल्यावर म्हणाले, "तिला कळव, उद्यापासून मी चालतो म्हणून." मी म्हटलं, "मी नाही कळवणार. घड्याळच कळवू दे."

आता तुमच्याविषयी थोडं. शीर्षक पाहून, काचेवरचे ओरखडे घालवायची एखादी युक्ती मिळेल म्हणून तुम्ही हे वाचायला घेतलंत, आणि इथवर येऊनही तुमच्या मनात एकच प्रश्न घोळतोय. संकोच करू नका. भेटायला आलेल्या एकवीस जणांनीही तेवढंच विचारलं होतं, आणि त्यांतले दोघेच दम न खाता जिना चढून आले होते. नाही, ओरखडा गेला नाही. तो आहे. हेही आहेत. तुमच्या फोनवर किती काचा आहेत ते सावकाश मोजा, आणि झालंच तर शेवटचं बागेत कधी गेला होतात तेही आठवून बघा.

आज सकाळी मी वंदना घेऊन उठले तेव्हा कपाटाचं दार उघडं होतं. करडा मोजा घडी करून शालीवर ठेवलेला होता. रबरी कव्हर आणि विकीची काच ओट्यावर होती. दारात हे खाली बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. बूट संघमित्राने दोन वर्षांपूर्वी आणलेले, पांढरे, आजपर्यंत खोक्यात होते. आत कोंबलेले कागदाचे बोळे त्यांनी शेजारी नीट रचून ठेवले होते.

पावलं जिना उतरत गेली. दुसऱ्या मजल्यावर थोडी थांबली, मग पुन्हा उतरू लागली. मी खिडकीशी गेले.

गेटपाशी ते क्षणभर उभे राहिले. मग कडीला हात घातला आणि गेट उघडलं. डाव्या हाताने.