घरजावई रणझुंजार यांचे लाइव्ह मोहिमेची हकीकत

समस्त चॅनल पाहणारे, न पाहता पुढे ढकलणारे आणि फुकट पाहून वर नावे ठेवणारे, यांसी विदित व्हावे. ज्या काळी धडधाकट मनुष्य खुर्चीत बसून लढाया करी, लोक अंथरुणात पडून त्या पाहत आणि पैसे लढणारास मिळत, त्या काळचा हा मजकूर. बखरकाराने पदरचे काही घातले नाही, कारण फजितीस पदरचे घालावे लागत नाही.

रणझुंजार हे नाव त्यांनी आपले आपणच धारण केले होते. घरी त्यांस जावईबापू म्हणत. ते सासऱ्यांचे घरी मागील खोलीत तख्तनशीन होते. तख्त म्हणजे चाकांची लाल खुर्ची, हप्त्यावर घेतलेली, आणि हप्ते भरणार खासा बायको, जी लॅबमध्ये दिवसभर लोकांचे रक्त काढी. शिरी हेडफोन, पाठीशी निळे दिवे आणि मुखी अखंड बडबड, ऐसा थाट. आणि प्रेक्षकांची फौज मोजावी तर एका रिक्षात मावेल इतकी.

सासरे रंगाचे दुकानाचे धनी, कमी बोलणारे आणि बोललेले परत न घेणारे. एके दिवशी जेवता जेवता त्यांनी हुकूम फर्माविला जे, महिनाअखेर या उद्योगातून घरखर्चाचा अर्धा वाटा निघाला तर खोली तुमची, न निघाला तर दुकानी गल्ल्यावर रुजू व्हावे. बायको ताटात पाहत इतकेच म्हणाली, "बाबा म्हणतात त्यात चूक काय आहे?" तेव्हा दिवसभर सासऱ्यांचे नजरेखाली सुटे पैसे मोजीत बसावे, याहून मरण बरे, ऐसे रणझुंजार यांस वाटले.

मग मोहीम मांडिली. रोज संध्याकाळी गेममधील ओसाड बंदरावर उतरावे, पिंपांआड दबा धरावा आणि गनिमाची वाट पाहावी, हा त्यांचा शौर्याचा बेत. आता या पेशाची अक्कल पाहावी. लपावे तेही लोकांस दाखवून, कारण न दाखविले तर पैसे कोण देणार. आणि आपले दडण्याचे ठिकाण आपणच दवंडी पिटून सांगावे, मग गनिमास कळले कसे म्हणून कपाळ बडवावे.

दुसरेच दिवशी 'अनोळखी' नावाचा गनीम थेट पिंपांमागे आला आणि रणझुंजार यांस ठार करून गेला. मग ते छपरावर लपले, तर छपरावर आला. मग विहिरीत उतरले, तर विहिरीत आला. रणझुंजार यांनी आकांत केला, कीबोर्ड आपटिला आणि गनिमाचे सात पिढ्यांचा उद्धार केला. आणि नवल ऐसे की, ते मरू लागले तसे लोक जमू लागले. जिंकताना ज्यांस कुत्रे विचारीत नव्हते, त्यांचे मरण पाहावयास हजारोंचा जमाव लोटला, नजराणे येऊ लागले आणि खाली लोक लिहीत, "आज कुठे मरणार, दादा?"

ऐसे चालता एके दिवशी गनिमाचा माइक चुकून उघडा राहिला आणि बंदुकीचे आवाजात शब्द आले, "पहिला हात वाळू द्या, मग दुसरा मारा." प्रेक्षकांस ती धमकी वाटली आणि ते बहुत खूश जाहले. रणझुंजार मात्र थिजले, कारण हा आवाज ते रोज जेवताना ऐकत. सासरे दुकानातील कॉम्प्युटरवर बसून, शेजारी मोबाइलवर जावयाचे लाइव्ह लावून आणि मधून मधून रंगाचे गिऱ्हाईक करून, जातीने रणी उतरले होते. रोज मारिला की हा थकेल आणि मुकाट गल्ल्यावर येईल, ऐसी त्यांची मसलत. मग पिढ्या कोणाच्या उद्धरिल्या, हेही रणझुंजार यांस स्मरले.

आता सासऱ्यांस उघडे पाडावे तर ते लाजेने गेम सोडणार, आणि ते गेले की जमाव गेला, रसद गेली. उलटून मारावे तरी तेच. आणि खरे सांगावयाचे तर तेवढी मर्दुमकी अंगी नव्हती. त्या दिवशी जेवताना सासऱ्यांनी सहज विचारिले, "काय, आज पुन्हा हरलात म्हणे?" रणझुंजार मान खाली घालून म्हणाले, "कोणीतरी फार भारी खेळाडू आहे, बाबा. त्याच्यापुढे माझं काही चालत नाही." ते ऐकून सासऱ्यांनी, जे कधी दुसऱ्यांदा वाढून घेत नसत, ताट पुढे केले.

तेथून रणझुंजार नेमाने मरू लागले. आपण कोठे लपलो हे दोनदा सांगत, कारण सासऱ्यांची नजर अधू. आणि दुकानी गर्दी असली तर गनीम मोकळा होईपावेतो जागचे हलत नसत. महिनाअखेर अर्धा वाटा पुरता निघाला. सासरे शब्दाचे पक्के, म्हणाले, "खोली तुमची." मग उठता उठता आवाज उतरवून म्हणाले, "पण जावईबापू, कधीतरी एक गोळी उलट घाला. त्या मारणाऱ्यालाही कंटाळा येत असेल."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. गल्ला टळला, खोली राहिली, खुर्चीचे हप्ते सुरळीत चालले. तहात अब्रूचे कलम घालावे, ऐसे कोणाचे मनात आले नाही. आणि ज्यांची ती होती, त्यांनीही विचारणा केली नाही.