आबांच्या मांडीवरची भांडी

पांढरंशुभ्र धोतर नेसून, मांडीवर पाण्यानं भरलेलं भांडं धरून, टांग्यातून उगाच रंकाळा तलावापर्यंत जाऊन येणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी रोज पाहत होतो. ते आमचे शेजारी आबा. निवृत्त ड्रॉइंग मास्तर. काकू गेल्यापासून घरात एकटेच.

परत आले की आबा भर गल्लीत उतरून धोतर तपासत. ओला डाग दिसला की निकाल ठरलेला : "भांडं लबाड हाय!"

हा खटाटोप नातवासाठी होता. लेक सुमन दीड वर्षाच्या बंडूला घेऊन नेसरीहून आठवडाभरासाठी माहेरी आली होती. येताना गाडीत पेल्यातलं पाणी अंगावर सांडून पोरगं भिजलं, त्याला ताप भरला. ताप उतरला, पण आबांचा पारा उतरेना. हुकूम सुटला : "थेंब न सांडणारं भांडं मिळाल्याबिगर पोरगं गाडीत बसणार न्हाय!"

दूध पाजायच्या बोंडल्याचं तोंड उघडं, म्हणून ते लबाड. झारी तोंडाळ. काचेच्या बाटलीचं रबरी बूच बंडूनंच कुरतडलं, पण लबाड ठरली बाटली. महायुद्ध संपल्यापासून जुन्या बाजारात मिलिटरीचा माल यायचा; तिथून पाण्याची बाटली आणली. ती गळेना, पण ती उचलायला बंडूच्या हाताखाली एक शिपाईच हवा होता. महाद्वार रोडवरचे भांडीवाले तर आबा दिसले की दुकानाच्या फळ्या लावायला लागत.

आठवड्याचा महिना झाला. जावयाचे निरोपावर निरोप येऊ लागले. शेवटी मीच म्हणालो, "आबा, फिरकीचा छोटा तांब्या घ्या. झाकण पिळून बसतं, आणि त्याच झाकणातून घोटभर पाजता येतं."

मी त्यांचं काही वाईट केल्यासारखं आबांनी माझ्याकडे पाहिलं. पण तांब्या आणला. त्या दिवशी टांग्यात मीही बसलो.

"आबा, आज कोरडंच येताय बघा," टांगेवाला म्हणाला.

तसं आबांनी हळूच फिरकी सैल केली. मी ते पाहिलं. मी पाहिलेलं त्यांनीही पाहिलं. "रस्ता खराब हाय," एवढंच म्हणाले.

परतलो तेव्हा धोतर चिंब. "भांडं लबाड..." आबांनी सुरुवात केली. दारात सुमन उभी होती. तिनं तांब्या घेतला, फिरकी घट्ट पिळली आणि तांब्या उलटा धरला. थेंब पडला नाही.

"भांडं न्हाय आबा, तुम्ही लबाड हाईसा. उद्या जायचंय. आनि तुमची पन कापडं भरल्यात मी."

"खुळी का काय? लेकीच्या घरी बाप पाणी पीत न्हाय."

"नातवंड झाल्यावर पितोय की! दीड वरीस झालं त्याला. का आला न्हाईसा?"

आबा ओल्या धोतरानिशी उंबऱ्यावर बसले. ज्या आवाजानं सगळा वर्ग दणाणायचा, तो आता मला जेमतेम ऐकू आला.

"कुणी बोलावलंच न्हाय की गं."

सुमनचा चेहरा पडला. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.  मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या दाराला कुलूप होतं. कुठलं बंद दार बघून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.