जुना भाग उपयोगी ठेवण्याबाबत

कोणतीही वस्तू आपोआप जुनी होत नाही. ती जुनी झाल्याचे कुणीतरी अधिकाराने जाहीर करावे लागते. तोवर ती बिचारी आपण अजून चांगल्याच आहोत या समजुतीत कामाला येत राहते, आणि त्यामुळे समाजाची प्रगती खुंटते.

ही प्रगती खुंटू नये म्हणून सध्या 'वज्रभूमी' या मोबाइलवरील खेळाची कंपनी मोठ्या निष्ठेने झटत आहे. या खेळात माणसाची किंमत त्याच्या अंगावरची तलवार, चिलखत आणि टोप यांच्या बेरजेवरून ठरते. या बेरजेस शस्त्रांक म्हणतात आणि तो डोक्यावर झळकत असतो. (खेळाबाहेरही अशीच बेरीज करतात, पण आकडा उघड दिसत नसल्याने सोयरिकी जुळवताना फार घोळ होतो.) खेळाडू महिनोन्‌महिने झोपमोड करून एक तलवार कमावतो. मग कंपनी नवे पर्व काढते, आणि त्या पर्वातला पहिलाच उंदीर मरताना तिच्याहून सरस तलवार टाकून जातो. जुनी तलवार मोडीत निघते, जुन्या गुहा ओस पडतात, आणि खेळाडू पुढे गेल्याच्या आनंदात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

कळंबच्या सत्यभामाबाई या खेळात शिरल्या त्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर. आयुष्यभर सगळ्या घरादाराला कामाला लावणाऱ्या बाईने पलंगावर नुसते बसून राहणे, हे घरातल्या कुणालाच झेपणारे नव्हते. तेव्हा पुण्यात नोकरीला असलेला त्यांचा नातू रणधीर याने त्यांच्या फोनवर खेळ घालून दिला आणि दर रविवारी संध्याकाळी तो त्यांना वेताळगुहेत नेऊ लागला.

वेताळगुहा हा खेळातला अगदी पहिला भाग. वाटेत काही पिशाच्चे आणि शेवटी वेताळ. सराईत माणसाला पाव तास पुरतो. या दोघांना दीड तास लागे, कारण प्रत्येक पिशाच्चाच्या अलीकडे बाई तलवार खाली ठेवून चौकशी करीत: डबा कुणाकडून घेतोस, खोकला गेला का, साहेब अजून तसाच वागतो का. रणधीर सांगत राही. पिशाच्चे तोवर समोर मुकाट्याने उभी राहत. (घरातल्या पोरांपेक्षा त्यांना वळण बरे होते.) आठवड्याचा तेवढा दीड तास बाईंना उरलेल्या सहा दिवसांना पुरून उरे.

मग नवे पर्व आले. रणधीर हिमदुर्गात गेला. तिथे प्रवेशाला नऊशे शस्त्रांक लागे; बाईंचा होता दोनशे बारा. रविवार सुने जाऊ लागले. बाईंनी फोन केला नाही. सत्यभामाबाई फोन करीत नाहीत. त्यांना फोन येतो. यथावकाश तो आला.

"आजी, त्या गुहेत आता काय मिळत नाही," रणधीर म्हणाला. "तुम्ही एकट्या खेळा की. सोपी झालीय आता."

"सोपी ती पहिल्यापासूनच होती," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

जुने भाग ओस पडल्याच्या तक्रारी कंपनीकडेही गेल्या होत्या. कंपनी संवेदनशील असल्याने तिने 'जुन्या भागांचे महत्त्व टिकवण्याचे धोरण' जाहीर केले. यापुढे अग्नितलवार घडवण्यास शेवाळशिळा लागतील. त्या केवळ वेताळगुहेत सापडतील. आणि त्याही टोळीतला किमान एक जण अडीचशे शस्त्रांकाच्या आतला असेल तरच. नवख्यांना जाणत्यांचा सहवास लाभावा, हा उदात्त हेतू. (अडीचशेच्या आतला माणूसच जाणता असू शकतो, ही शक्यता मुख्यालयात कुणाला सुचली नाही.)

आता पंचाईत अशी झाली की अडीचशेच्या आतली माणसेच कुठे उरली नव्हती. सगळ्यांची प्रगती झाली होती. पहिला फोन धाराशिवला बँकेत असलेल्या नातीचा, अश्लेषाचा आला. तिने बऱ्याच महिन्यांनी विचारले, "आजी, गुडघा कसा हाय आता?"

"दोनशे बारा," बाई म्हणाल्या.

त्यानंतर रणधीर आला, त्याची चुलत-मावस भावंडे आली, त्यांचे मित्र आले. गुहेतली वर्दळ कित्येक हजार टक्क्यांनी वाढल्याचे कंपनीने अभिमानाने प्रसिद्ध केले. (आधी तिथे एक बाई होती.) बाईंनी गुहेला शिस्त लावली. आत शिरण्याआधी सर्व योद्ध्यांनी रांगेत बसावे, जेवणखाण सांगावे, आईवडिलांची खुशाली कळवावी. मगच तलवार उपसावी. नऊशे शस्त्रांकाचे वीर मांडी घालून डब्यातल्या भाजीचा हिशोब देत.

एवढ्यात येळवस जवळ आली. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला धाराशिव भागात माणसाने घरी जेवायचे नसते. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटे, घालून, पांडवांची पूजा करून, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातली आंबील तिथेच खायची असते. सत्यभामाबाईंच्या रानात अलीकडे कित्येक वर्षे ही पंगत दोघांची होत असे: बाई आणि रान राखणारा महांतप्पा. बाकीच्यांना रजा नसे. हाही एक ओस पडलेला जुना भागच होता, आणि जुन्या भागाचे काय करायचे असते ते बाई आता कंपनीकडून शिकल्या होत्या. त्यांनी कळवून टाकले की या महिन्यात आपण गुहेत शिरू ते फक्त येळवशीला, फक्त रानात, कोपीत बसून; ज्याला शिळा हव्या त्याने शेजारी येऊन बसावे.

"औंदा कोप लई मोठी घाल," त्यांनी महांतप्पाला सांगितले. "चौदा माणसं येणार आहेत."

महांतप्पाच्या हातातली पेंढी तिथेच राहिली. "बाईसाहेब, कुणाचं काय बरंवाईट झालं का?"

चौदाच्या चौदा आले. रजा सर्वांना मिळाली. कोपीत बसून प्रत्येकाने फोन काढला आणि तेव्हा उलगडा झाला की ओढ्याकाठच्या त्या रानात रेंज नसते. हे कुणालाच ठाऊक नव्हते, कारण इतक्या वर्षांत तिथे कुणी आलेच नव्हते. बाईंना ठाऊक होते की नाही, हे विचारण्याची कुणाची छाती झाली नाही. निरुपायाने मंडळी जेवली. भज्जीची पातेली रिकामी झाली. आंबिलीची बिंदगी तळापर्यंत खरवडून घागर उपडी झाली. अंधार पडताना रिवाजाप्रमाणे कडब्याचा पेटता हेंडगा घेऊन रणधीर सगळ्या रानाला पळत फेरा घालून आला, आणि त्याला खोकला आला नाही हे बाईंनी नीट पाहून घेतले. रात्री कळंबला परतल्यावर त्यांनी शब्द पाळला. सगळ्यांना शिळा मिळाल्या.

महिन्याच्या आत कंपनीने धोरणात सुधारणा केली. खेळाडूंचा बहुमोल वेळ वाचावा म्हणून शेवाळशिळा आता खेळातल्या बाजारात सर्वांना सरसकट मिळू लागल्या.

त्या रविवारी सत्यभामाबाई ठरल्या वेळी वेताळगुहेच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. दाराशी आणखीही काही मंडळी होती, सगळी अडीचशेच्या आतली, शिळांसाठी कुणी ना कुणी खेळात आणून बसवलेली. वाशीच्या एका निवृत्त ग्रामसेवकाने सरकून त्यांना जागा करून दिली.

"कुणाची वाट बघताय?" बाईंनी विचारले.

"कुणाची न्हाय. असंच."

"मीही," बाई म्हणाल्या आणि शेजारी बसल्या. आत पिशाच्चे शहाण्यासारखी उभी होती.

हे वाचून झाल्यावर आपापल्या घरातल्या जुन्या भागाला वाचकांनी फोन लावावा, असे सुचवण्याचा येथे मुळीच हेतू नाही. आपला शस्त्रांक मोठा, वेळ थोडा, आणि तिथे आता काही मिळतही नाही. लावलाच, तर तो पहिल्याच घंटेला उचलला जाईल, आणि तुम्ही तब्येत विचारण्याच्या आत पलीकडून आवाज येईल, "बोल, काय लागतंय?"